क्रोशाचं झाकण

"अरे देवा, पुन्हा हँग!" वरच्या खोलीतून आमची भाडेकरू मिरांती किंचाळली, आणि खाली आमच्या घरातल्या दुकानात बातिकचं कापड घ्यायला आलेला अनोळखी तरुण हसला.

"राउटर का? बघू?"

तो गालिह. कापड राहिलं बाजूला, तो आमच्या बैठकीत फडताळापुढे मांडी घालून बसला. फडताळात डब्याएवढा संगणक, तोच आमचा राउटर. सगळ्या घराचं इंटरनेट त्यातून येई. आत पंखा नाही, आवाज नाही... आणि लहर आली की थिजायचा. दिवा चालू, पण हाकेला ओ नाही.

त्यावर मी विणलेलं पांढरं झाकण होतं. जावाच्या जोग्या शहरात आमच्याकडे काहीच उघडं ठेवत नाहीत, फ्रिजलाही झालर. गालिहनं ते अलगद उचललं, घडी करून बाजूला ठेवलं, यंत्र जागं केलं. मी चहा आणेपर्यंत ऑनलाइन शिकवणारी मिरांती खाली येऊन त्याच्या खांद्यावरून वाकली होती.

"माझे विद्यार्थी पडद्यावर ताटकळतात हो," ती लाडात म्हणाली.

तो गेला. मी झाकण पुन्हा घातलं. यंत्र पुन्हा थिजलं.

मग तो येतच राहिला. अडॅप्टर बदलला, मेमरी तपासली, वीज वाचवायला यंत्र मधेच डुलकी घेतं तीही बंद केली. दर खेपेला माझं झाकण बाजूला, आणि मिरांतीच्या हातचे फणसाचे कुरकुरीत काप मात्र ओंजळीत! ती हसे, तो हसे... मी चहाचा कप जरा आदळूनच ठेवी.

"माझं विणकाम आवडत नाही वाटतं?" एकदा विचारलंच.

"छे! टाके फार नाजूक आहेत."

"मग सारखं काढता का?"

"असंच..."

घरातल्या बाईची चूक तिच्या तोंडावर काढायची नाही, ही आमची रीत. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही; मला ते 'असंच' सुईसारखं टोचलं. मी हट्टानं जाड दोऱ्याचं, दुपदरी झाकण विणून घातलं.

आता यंत्र तासातासाला थिजू लागलं. गालिह येऊन बसतोय तोच मिरांती धाडधाड खाली आली. तिनं झाकण ओढून काढलं आणि हात झटकला. "आई गं! यावर केळी तळून निघतील! वेनिंग, पंखा नाही याला, अंगातूनच ऊब सोडतं बिचारं. आणि तू त्याला गोधडी पांघरतेस?" मग गालिहकडे वळून, "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याचे कान लाल झाले. "पहिल्याच दिवशी संशय आला... पण दोष दुसरीकडे कुठेतरी निघावा, म्हणून सगळं तपासत बसलो. तिनं मन लावून विणलं होतं ना..."

"वा! हिचं मन जपता जपता माझी नोकरी जाईल!" मिरांती पाय आपटत वर गेली.

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "आणि तिचे फणसाचे काप?"

"भूक लागायची. तू नुसता चहाच द्यायचीस."

हसू आवरेना. "आता यंत्र बिघडणार नाही. मग... कशाला याल?"

त्यानं झाकणाची नीट घडी घातली. "आईबाबांना घेऊन येईन — रीतसर. चालेल?"

"चालेल," मी हळूच म्हटलं. "फक्त — मिरांती घरी नसेल, असा दिवस बघा."