कोपऱ्यात लिहिलेलं नाव

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पटवून देण्याइतकं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही. पण हे माझ्याच घरात घडलंय, तेही भर दिवसा.

मी कपड्यांच्या दुकानात आल्टरेशनचं काम करते. आठ तास शिवण उसवायची, परत घालायची. घरी फक्त बाबा. त्यांना हळूहळू सगळ्याचा विसर पडत चाललाय.

एक दिवस म्हणाले, "तुझ्या आईचा चेहरा विसरायच्या आत मला तो काढून दे गं."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिला फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायची. घरात तिचा एकच फोटो, तोही पाठमोरा.

म्हणून रविवारचा चित्रकलेचा क्लास लावला.

सर सांगायचे, "दुसऱ्याचं बघून काढायला लाजू नका. सगळे तसेच शिकतात. फक्त कोपऱ्यात लिहा, कशावरून काढलंय ते."

क्लासच्या कपाटात एक जुनी वही होती, कुणा वारलेल्या चित्रकाराची. पानोपानी एकाच बाईचा चेहरा. ती वही मी घरी आणली. महिनाभर तेच डोळे, तेच नाक गिरवत बसले. शेवटी अंबाडा आणि खांदे फोटोतले घेतले, चेहरा वहीतला. फार दमले होते. म्हटलं, बाबांना कुठे कळणार आहे.

आणि कोपऱ्यात "वहीवरून" लिहायच्या ऐवजी मी लिहिलं... आई.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "ही ती नव्हे," म्हणाले.

मी चित्र भिंतीला लावलं आणि कामावर गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर सिंकमध्ये दोन कप.

दुसरा अजून कोमट होता...

"बाबा, कोण आलं होतं?"

"तुझी आई. असं काय विचारतेस?"

दुसऱ्या दिवशीही दोन कप. तिसऱ्या दिवशी बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलेलं.

मी वही उघडली...

सगळी पानं कोरी.

घाबरले, खोटं कशाला बोलू. रबर घेऊन नाव खोडलं. मग अख्खा चेहराच खोडला.

दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये एकच कप. बाबा दाराकडे डोळे लावून बसलेले. "ती आली नाही गं," म्हणाले आणि रडायला लागले. चार दिवस धड जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी मी सुट्टी घेतली. वही बाजूला ठेवली, फोटोही. फक्त आई आठवत राहिले, माझी आई, आणि पेन्सिल चालवली.

कागद लांब धरून पाहिला...

तीच, वहीतली बाई. रेघ न रेघ तीच.

मी कोपरा कोराच ठेवला होता. बाबा म्हणाले, "अगं, नाव घाल की. तुझी आईच आहे ही."

घातलं. काय करणार होते?

आता बाबा पोटभर जेवतात. मी घरी आले की दोन कप विसळते. झोपताना आईचा चेहरा आठवून बघते. नुसती पाठ दिसते, अंबाडा दिसतो. इतके दिवस मी म्हणायचे, वळ ना गं एकदा.

परवापासून ती वळायला लागलीये...

आता मी डोळे मिटायचं टाळते.