गुरुबंधू

विधिग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर दोनच माणसे बसत: वृद्ध इंदुमतीबाई राजोपाध्ये आणि त्यांचा एकुलता विद्यार्थी विश्राम घाटपांडे. उरलेले शहर न्यायशोधक यंत्रावर विसंबले होते. विश्रामला ती मुभा नव्हती. त्याचा धाकटा भाऊ उद्धव जन्मठेप भोगत होता. त्याच्या सुटकेला आधार ठरेल असा एक जुना निवाडा यंत्राला सापडला होता. परंतु एकट्या यंत्राच्या शोधावर कैदी सोडता येत नसे. न्यायालयाने मोहोरबंद ठेवलेला तो निवाडा एखाद्या माणसाने स्वतंत्रपणे हुडकावा, असा दंडक होता.

"पुन्हा सूचीकडे धावलास?" बाई म्हणत. "हरलेल्या पक्षाचा युक्तिवाद आधी वाच. जिंकणाऱ्याला फार शोधावे लागत नाही. हरणारा कोपरान्‌कोपरा धुंडाळतो."

"यंत्राने चहा निवण्याआधी उत्तर दिले, बाई."

"मग त्यालाच चहा पाज."

अखेर निवाडा सापडला. परीक्षक देवस्थळींनी मोहोर फोडली. निवाडा तोच होता. विश्रामने डोळे पुसले. देवस्थळी मात्र दोन्ही शोधांच्या वाटा ताडून पाहणाऱ्या मार्गमापकाकडे पाहत राहिले.

"मार्गभेद शून्य."

"मी यंत्राला शिवलोही नाही."

"मान्य. पण दोघे पावलागणिक एकाच वाटेने गेलात. एका खिडकीतून पाहणाऱ्या दोघांची साक्ष एकच धरावी लागते. काच सदोष असेल तर दोघेही सारखेच चुकतील. शिकलात कोणाकडे?"

"राजोपाध्येबाईंकडे."

देवस्थळींचा आवाज उतरला. "यंत्रही त्यांच्याकडेच शिकले. त्यांच्या मेजावरील दृष्टिलेखकाने वर्षानुवर्षे त्यांचे वाचन टिपले. त्यावरूनच ते घडवले. तुम्ही गुरुबंधू आहात, घाटपांडे. अर्ज फेटाळावा लागेल."

विश्रामने हे सांगितले तेव्हा बाईंनी चष्मा काढला.

"पुस्तकांची झीज मोजायला तो दृष्टिलेखक बसवला आहे, असे मला सांगितले होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षे वाटे, हा जिना कोणी चढतच नाही."

"दुसऱ्या कोणाकडे शिकू?"

"यंत्रावाचून शिकवणारे दुसरे उरले आहे कोण?"

विश्रामने समोरचे पुस्तक मिटले.

"मग उद्धवला काय सांगू, बाई?"

"सांग, त्याच्या बाजूने दोघे उभे आहेत. न्यायालयाला मात्र एकच दिसतो."