बाहुल्यांच्या मागचं वायफाय

उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून भार्गवी जिना उतरत होती, नजर स्क्रीनवर... आणि समोरून श्रीरंग वर येत होता, दसऱ्याच्या मांडणीत न मावलेला मातीचा हत्ती कडेवर घेऊन. धडक टळली ती हत्तीच्या नशिबानं.

"बघून की जरा," तो म्हणाला.

"सॉरी... मीटिंग चालू आहे आणि नेट सारखं जाऊन राहिलं."

भार्गवी नागपूरची. इथं कानडी मुलखात, चामराजपेटेत महानंदाअक्कांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, घरूनच काम करायची. वायफाय अक्कांच्या खालच्या हॉलमधलं, तेच वर यायचं. आज सकाळपासून मात्र त्याचा लपंडाव चालला होता. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून हैदराबादच्या ऑफिसात येऊन बस, असं मॅनेजरनं बजावलं होतं. तिला हे शहर सोडायचं नव्हतं.

श्रीरंग अक्कांचा भाचा, निपाणीचा. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर इंजिनिअर, नुकताच मावशीकडे राहायला आलेला.

"द्या इकडं," हत्ती पायरीवर ठेवत तो म्हणाला. "स्वल्प थांबा, बघतो."

त्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. पासवर्ड पुसून पुन्हा घातला. ड्रायव्हर नवा केला. नेट यायचं, दोन मिनिटं टिकायचं, की गेलंच. भुवया आकसून तो स्क्रीनकडे बघत होता आणि ती त्याच्या भुवयांकडे.

"तुमच्या लॅपटॉपला मी आवडलेलो दिसत नाही."

"त्याची आवड तशीही यथातथाच आहे."

"आणि तुमची?"

तिच्या कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या.

शेवटी दोघं हॉलमध्ये आले. तिथं दसऱ्याचे गोंबे मांडले होते. पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचून केलेल्या पायऱ्या, वर पांढरं कापड, त्यावर बाहुल्या, सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी. भार्गवी वाकून बघू लागली.

"त्या ट्रंकांच्या मागे हिरवं काय लुकलुकतंय?"

श्रीरंग पार लाल झाला. भिंतीला पक्का बसवलेला राउटर! त्याच्यापुढं पत्र्याची भिंत त्यानंच सकाळी उभी केली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"पत्रा सिग्नल अडवतो, हे कारखान्यात मला पाठ असतं," तो पुटपुटला. "घरी आलो की विसरतो."

"मग सरकवा ना."

"सरकवायचं नाही गं पोरी," अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "एकदा मांडलेले गोंबे दसऱ्याला राजाराणीला निजवेपर्यंत हलवत नाहीत. तवर तू इथंच बसून काम कर. सरी, चालेल ना?"

मग भार्गवी रोज बाहुल्यांशेजारी चटईवर बसू लागली. इथं नेट एकदम ठणठणीत. पहिली पाळी संपवून दुपारी श्रीरंग यायचा आणि मीटिंग चालू असताना हरभऱ्याच्या उसळीची वाटी हळूच तिच्याकडे सरकवायचा.

"मी कॅमेऱ्यात येतोय काय?" एकदा त्यानं कुजबुजत विचारलं.

"अर्धे."

"बरा अर्धा की वाईट?"

तिनं माइक बंद आहे ना ते पाहिलं. "ठरवायला पूर्ण बघावं लागेल," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली, पण जागचा हलला नाही.

दसरा झाला. राजाराणी निजले, दुसऱ्या दिवशी ट्रंका हलल्या. वरच्या खोलीत नेट भरभरून येऊ लागलं आणि मॅनेजर हैदराबादचं नाव विसरला. भार्गवीनं पेढे वाटायला हवे होते. तिला मात्र रडू येत होतं. आता खाली जायचं ते काय सांगून? दुपारी त्याची गाडी फाटकाशी थांबली तशी तिचं कामातलं लक्षच उडालं. मिटलेला लॅपटॉप घेऊन ती खाली हॉलमध्ये उतरली.

"पुन्हा गेलं?" चटईवर टेकलेल्या श्रीरंगनं हात पुढे केला.

"नाही. छान चालू आहे."

"मग?"

"मला वर करमत नाही, श्रीरंग. काम कुठूनही होईल... पण मला तुझ्याजवळ बसायचं आहे. रोज."



"ट्रंका काढताना मावशीला म्हणालो, राहू देत की अजून चार दिवस," तो हळूच म्हणाला. "ती म्हणाली, बाहुल्यांना कशाला वेठीला धरतोस, वर जाऊन सांग तिला."

"मग आला का नाहीस?"

"तुझं नेट चालू होतं... काय म्हणून येऊ?"

ती हसली आणि डोळे पुसले. चटईवर तो थोडा बाजूला सरकला. लॅपटॉप न उघडताच ती त्याच्या शेजारी बसली.