नाव नको, हजेरी लिहा

काम साधं होतं. ठाण्याच्या वागळे औद्योगिक इस्टेटमधल्या एका गाळ्यात जायचं, तिथलं एक मशीन बंद करायचं, तारा गुंडाळायच्या आणि जेवायला घरी यायचं. मे महिन्यातला शुक्रवार होता. शुक्रवारी इस्टेट बंद असते, म्हणून मीच तो दिवस निवडलेला. गर्दी नाही, टेम्पो नाहीत, पटकन काम होईल.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं तुमच्या लक्षात येणार नाही. इंटरनेटवर आपण कोण आहोत हे कळू नये असं काही लोकांना वाटतं. कोणी पत्रकार असतो, कोणी मारकुट्या नवऱ्यापासून लपलेली बाई असते. त्यांच्यासाठी जगभरचे लोक आपापली मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, चालू ठेवतात. एखादी चिठ्ठी तीन अनोळखी हातांतून फिरवून पोचवावी, तसं. त्यातला एकेक हात म्हणजे एकेक रिले. कुठला रिले चालू आहे याची दर तासाला एक यादी निघते. ऑफिसात आम्ही तिला हजेरी म्हणतो. मी आणि मुकुल ती यादी उतरवून घेतो, साठवतो, तिचे आलेख करून लोकांसमोर ठेवतो. चिठ्ठी कोणाची, आत काय, ते आम्हाला माहीत नसतं. आम्ही नुसतं मोजतो.

ह्युबर्ट अंकल अशा एका रिलेचे मालक. पूर्वी त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. ते बंद झाल्यावर त्याच गाळ्यात त्यांनी रिले लावला. अंकल आणि मी दोघंही ठाण्याचे, दोघंही चर्चमध्ये जाणारे, तरी सहा वर्षांत कधी भेटलो नव्हतो. ईमेलवरच ओळख. पहिल्याच ईमेलमध्ये त्यांनी विचारलेलं, "माझा रिले हजेरीत चुकला तर लगेच कळवाल का?" मी तशी सोय करून दिली. ती कधी वापरावी लागली नाही. सहा वर्षांत त्यांचा एक तासही चुकला नव्हता.

मार्चमध्ये ते गेले. त्यांची मुलगी व्हिक्टोरिया माजिवड्याला राहते, तिने मला शोधून फोन केला.

"गाळा मालकाला परत द्यायचाय," ती म्हणाली. "त्या मशीनला हात लावायची मला इच्छा नाही. माझ्या लग्नात केक कापायच्या वेळी डॅडी उठून गेलेले. का, तर वागळेला लाइट गेली म्हणून. तू बंद करून टाक आणि घेऊन जा."

साडेअकराला मी पोचले. वॉचमन सीतारामने दुसऱ्या मजल्यावर नेऊन सत्तावीस नंबरचं शटर उघडून दिलं. ते अर्ध्यावर अडकलं. वाकून आत जावं लागलं.

"स्प्रिंग गेलीय, मॅडम," तो म्हणाला. "मी खाली गेटवर आहे."

आत एक टेबल, त्यावर मशीन, शेजारी राउटर, खाली तीन मोठ्या बॅटऱ्या. एक लाकडी खुर्ची. जुन्या ऑइलचा वास. छताचा पंखा लावला, राउटरवरचा पासवर्ड बघून फोन वायफायला जोडला, कारण त्या जाड भिंतींच्या इमारतीत मोबाइलला रेंज येत नव्हती. बारा वाजून दहा मिनिटांनी रिले बंद केला. तो एकदम थांबत नाही. हातातल्या चिठ्ठ्या पुढे देतो आणि मग थांबतो. हिरवा दिवा विझला.

तेव्हाच निघाले असते तर काय झालं असतं, माहीत नाही. पण मला वाटलं, सहा वर्षं न चुकलेला माणूस. त्याची पहिली गैरहजेरी इथे बसूनच बघावी. मी खुर्ची ओढून एकची यादी यायची वाट बघत बसले.

एक वाजला. फोनवर यादी आली. मी अंकलच्या रिलेचं नाव शोधलं. नव्हतं.

मान वर केली तर अंधार होता.

शटर खाली आलेलं होतं. रोलिंग शटर पडलं की चार गाळ्यांपलीकडे ऐकू जातं. मी त्याच्यापासून सात-आठ पावलांवर बसले होते आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. पंखाही थांबला होता. मी बटण दाबून पाहिलं. राउटरचे दिवे तेवढे चालू होते, त्यांच्या उजेडात माझे हात निळे दिसत होते.

मी शटर उचलायचा प्रयत्न केला. हललं नाही. ठोकलं, सीतारामला हाका मारल्या. खाली वाकून फटीतून बघितलं. बाहेर मे महिन्यातलं एक वाजताचं ऊन असायला हवं होतं. फटीत काहीच नव्हतं. अंधारही म्हणता येणार नाही असं काहीतरी, कोऱ्या पाटीसारखं.

वायफाय चालू होतं. मी मुकुलला फोन लावला.

"शटर पडलंय," मी म्हटलं. "सीतारामला फोन लागत नाहीये. तू लाव ना त्याला."

"थांब, मीच येतो," तो म्हणाला. ऑफिस घोडबंदर रोडला. निघाल्यावर त्याने दोनदा मेसेज केला की तो माजिवडा नाक्यावर अडकलाय. मी उत्तरं देत बसले. तेव्हा मी घाबरले नव्हते, खरंच. फक्त एक गोष्ट खटकत होती. पंखा बंद, शटर बंद, वर तापलेला स्लॅब. मी घामाने भिजायला हवी होते. आणि मला थंडी वाजत होती. ऑइलचा वास गेला होता. त्याच्या जागी दुसरा वास येत होता, धुऊन बादलीत तसेच राहिलेल्या कपड्यांचा.

दोनला दहा मिनिटं कमी असताना मुकुलचा फोन आला.

"मी वर आलोय. सत्तावीस ना?"

"हो. ठोक."

"अगं, ठोकू काय? उघडं आहे."

मी समोरच्या शटरकडे बघितलं. बंदच होतं.

"शटर अर्ध्यावर आहे," तो म्हणाला. "मी आत आलोय. पंखा चालू आहे. खुर्ची आहे, टेबल आहे. टेबलावर धुळीत एक चौकोन आहे, मशीन उचलल्यासारखा. तू कुठे आहेस?"

"खुर्चीत."

 त्याच्या फोनमधून मला कावळा ऐकू येत होता, लांब कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता. गाळ्यात मात्र फोन कानापासून दूर धरला की काहीच नव्हतं.

"मुकुल, शटरवर हात मार."

त्याने मारला. फोनमध्ये खणखण आवाज आला. माझ्यासमोरचं शटर जागचं हललं नाही.

सीताराम वर आलेला मला ऐकू आला. "मॅडम खाली उतरल्याच नाहीत, साहेब. मी गेटवरच आहे." मग तो जिन्याकडे गेला, गच्चीवर बघतो म्हणाला. मला रडू फुटलं. मुकुल फोनवर, "निकोल, ऐक, निकोल," एवढंच म्हणत राहिला. तो हुशार आहे, पण असल्या गोष्टीत हुशारी कशी चालवायची हे त्यालाही कळत नव्हतं. शेवटी त्याने नेहमी ऑफिसात विचारतो तेच विचारलं.

"सगळं बिघडायच्या आधी तू शेवटचं काय बदललंस?"

"रिले बंद केला."

"आणि शटर कधी पडलं?"

"एकला. यादी आली तेव्हा. त्यात तो नव्हता, आणि..."

"मग परत लाव," तो म्हणाला. "मला काही कळत नाहीये, पण तेवढंच बदललंय. परत लाव."

मी चाचपडत मशीनचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. पण रिले लावला की लगेच यादीत येत नाही. पडताळणी करणारी मशीनं बाहेरून संपर्क करून तो खरंच आहे का ते बघतात. मग पुढच्या तासाच्या यादीत तो चढतो. म्हणजे तीन वाजता. चढला तर.

पंचावन्न मिनिटं. मुकुल फोन न ठेवता तिकडे उभा राहिला. आम्ही काहीबाही बोलत होतो, डबा काय आणलाय वगैरे. साधारण अडीचला तो बोलता बोलता थांबला.

"निकोल... तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग किती वाजले, असं कोण विचारतंय?"

मी फोन कानापासून काढला. श्वास रोखला. आणि मग मलाही ऐकू आलं. खुर्चीच्या मागे, अगदी जवळ. पुरुषाचा आवाज, दमलेला, पण सभ्य. दवाखान्यात रांगेत मागचा माणूस विचारतो तसा.

"किती वाजले, बाई?"

माझ्या तोंडून उत्तर गेलं. का गेलं माहीत नाही. "अडीच."

"तीनला हजेरी ना?"

मी मागे वळले नाही. वळायला खुर्ची आणि तो यांच्यामध्ये जागाच नव्हती, हे मला वासावरून कळत होतं. माझ्या पाठीवर कुर्ता हळूहळू ओला होत होता.

"ह्युबर्टला किती सांगितलं," आवाज म्हणाला. "तो दार उघडं ठेवतो. चांगला माणूस. पण लिहीत नाही. म्हणतो, मी लिहिणारा नाही, लिहिणारे वेगळे आहेत... तुम्ही लिहिता ना?"

"हो."

"मग माझं लिहा. नाव नको. पत्ता नको. नुसतं आहे, एवढं लिहा."

फोनमधून मुकुल म्हणत होता, "बोलू नकोस. निकोल, त्याच्याशी बोलू नकोस." पण तो तिकडे पंख्याखाली उभा होता. माझ्या मानेवर थंड पाण्याचा एक थेंब पडला, मग दुसरा. आवाज परत परत तेच म्हणत होता, रागावून नाही, अजीजीने. दरवेळी थोडा आणखी जवळून. नुसतं आहे, एवढं लिहा. शेवटी शेवटी मला वाटलं, हे माझ्याच डोक्यात बोललं जातंय, आणि थोड्या वेळाने ते बोलणारी मी असेन.

"लिहिते," मी म्हटलं. "लिहिते, लिहिते."

आवाज थांबला. त्यानंतरची मिनिटं मी डोळे मिटून मोजली. आकडे मोजणं एवढंच मला येतं.

तीनला उजेड झाला. शटर अर्ध्यावर होतं, पंखा फिरत होता, आणि मुकुल माझ्यासमोर हातभर अंतरावर फोन कानाला लावून उभा होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मी त्याचा हात धरून शटरखालून बाहेर पडले, ती थेट गेटपर्यंत. माझा कुर्ता पाठीवर पिळण्याइतका ओला होता. त्या उन्हात तो वाळायला संध्याकाळ झाली.

मशीन आम्ही बंद केलं नाही. व्हिक्टोरियाला सांगितलं की आमच्या संस्थेला गाळा हवाय, आणि तो आता आमच्याकडे आहे. तिला बाकी काही सांगितलं नाही. सीतारामने एकदाच विचारलं, "मॅडम, तुम्ही होतात कुठे?" मी म्हटलं, गच्चीवर. तो गच्ची बघून आलेला होता. त्याने परत विचारलं नाही.

मी काही लिहिलं नव्हतं. यादी आम्ही तयार करत नाही, फक्त साठवतो. तरी त्या दिवशीच्या तीनच्या यादीत आमच्या साठ्यात एक ओळ जास्त आहे. नाव रिकामं, पत्ता रिकामा, वेग शून्य. शेवटच्या रकान्यात एकच शब्द, चालू. दुसऱ्या लोकांनी साठवलेल्या त्याच यादीत ती ओळ नाही. चारच्या यादीत ती होती, पाचच्याही. तेव्हापासून दर तासाला आहे. चौदा महिने झाले.

मी त्या ओळीबरोबर जगायला शिकले होते. मुकुलला जमत नव्हतं. साठ्यातलं अक्षरही बदलायचं नाही असा आमचा नियम आहे. परवा मला न विचारता त्याने तो मोडला. दुपारी चारची यादी उघडली आणि ती ओळ पुसली. काही होतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. पाचपर्यंत काही झालं नाही. मग त्यालाच भीती वाटली, त्याने ओळ परत घातली, आणि माझ्याकडे येऊन सांगितलं.

तो सांगत असतानाच व्हिक्टोरियाचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"अगं, सहज केला," ती म्हणाली. "तुला विचित्र वाटेल. चार वाजता मी आत झोपले होते. बाहेर कोणीतरी हळू बोलत होतं, ह्युबर्ट, ह्युबर्ट असं. उठून आले तर दार आतून बंद, घरात कोणी नाही. पण जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओल्या आहेत. छत गळत नाही, मी बघितलं."

"खुर्च्या?" मी म्हटलं. "किती?"

मुकुल माझ्याकडे बघत होता. त्याने एकच ओळ पुसली होती.

व्हिक्टोरिया फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिची पावलं ऐकू येत होती.

"चार," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाही... आता पाच."