स्नेहमुद्रा

समुद्राने किनारपट्टी उदरात घेतली, त्यानंतर ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न माणसाला तोंडी विचारण्याची प्रथा संपली. पठारावरील नव्या वसाहतींत घरे थोडी होती आणि बुडालेल्या गावांची नावे सांगणारे पुष्कळ. म्हणून तो प्रश्न आता देहाला विचारला जाई. देह जे उत्तर देई, त्याला ‘स्नेहमुद्रा’ असे नाव होते.

संस्कृत भाषेने तेल आणि ममता या दोहोंना ‘स्नेह’ हा एकच शब्द दिला आहे. त्या शब्दाची यथार्थता विज्ञानाला फार उशिरा उमगली. मज्जातंतूंभोवती स्निग्ध द्रव्याचे जे पातळ आवरण असते, ते आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांत दुधातून आणि घरच्या तेलातून घडते. पुढे ते पालटत नाही, असे सिद्ध झाले होते. करडई, शेंगदाणा, खोबरेल, पामतेल, प्रत्येकातील मेदाम्लांचे प्रमाण निराळे, आणि तेच प्रमाण त्या आवरणात जन्मभर राहते. मनगटातून काढलेल्या मज्जातंतूच्या सूक्ष्म कणातील मेदाम्लांना बाष्परूप देऊन केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून सोडले, की हलकी आधी बाहेर येतात, जड मागाहून. प्रत्येकाच्या आगमनासरशी यंत्र आलेखावर एक शिखर रेखाटते. नारळावर पोसलेल्या किनाऱ्याची खूण म्हणजे आरंभीच उभे राहणारे लॉरिक आम्लाचे उंच शिखर.

डॉ. हेमांगी सातपुते यांनी ही रीत मुळात खाद्यतेलातील भेसळ पकडण्यासाठी बसवली होती. आज त्यांच्यापुढे दोन वृद्ध, विधवा बहिणी बसल्या होत्या. थोरली सत्यभामा, धाकटी सुलोचना. वैधव्यानंतर दोघींनी एकच चूल मांडली होती.

“सुलोचनाबाई, तुमची मुद्रा किनाऱ्याची आहे. वसाहतीत तुम्हाला घर मिळेल.”

“आणि अक्काक?”

“त्यांच्या आलेखात ते शिखर नाही. त्यांना अनिर्णीतांच्या छावणीत जावे लागेल.”

सुलोचना हसू लागली. “डॉक्टरीणबाय, तुमचे कागद बदलले! आई माझ्या जन्माक गेली. नारळाच्या व्यापाऱ्याच्या बायलेन माका कोल्हापुराक नेल्यान, आपला दूध पाजल्यान. सात वर्षांची होयसर मी समुद्र बघूक नाय. गावात रवली ती ही अक्का!”

कागद बदललेले नव्हते. डॉक्टरांनी सावकाश विचारले, “त्या घरी नारळ खात असत?”

“रोज. नारळाच्या रसाशिवाय आमटी नाय.”

“आणि आजी, तुमच्या घरी?”

सत्यभामा पदर सावरीत म्हणाली, “माड आमचे, नारळ त्या व्यापाऱ्याचे. आमीच खाल्ले तर तांदूळ खयसून येतले? रेशनाच्या पामतेलार वाढलंय मी. देवाक फोडलेलो तेवढो तुकडो गावायचो.”

“म्हणजे अक्का भेसळ आणि मी शुद्ध!” सुलोचनाचा आवाज चढला. “तेलाच्या डब्यार चिठी चिकटवतत तशी माणसांक चिकटवतास?”

डॉक्टरांनी आलेख पुन्हा न्याहाळला. फेरतपासणीची तरतूद होती. पण तीही याच यंत्रावर व्हायची, आणि तिचे फळ हेच असायचे. आलेख उमटताक्षणी वसाहत कार्यालयात नोंदला जाई, त्यावर शास्त्रज्ञाचा हात चालत नसे. यंत्र चुकले असते तर ते चुकले असे लिहिता आले असते. ते चुकलेले नव्हते.

“आतापासून रोज नारळ खाल्लंय तर?” सत्यभामेने विचारले.

“ते दार पाचव्या वर्षी मिटते, आजी.”

तिने आलेख हाती मागितला. “खय असूक व्हया होता?”

डॉक्टरांनी एका सपाट रेषेवर बोट ठेवले आणि ते तेथेच थबकले. ही रेषा कोरी नव्हती. सोलून, गोणीत भरून परगावी गेलेला त्या बागेतला एकूण एक नारळ येथे होता. किनाऱ्यावरच्या गरिबाची याहून सत्य खूण दुसरी कोणती? परंतु जे पोटात गेलेच नाही, त्याचे शिखर कोणते यंत्र काढील? अशा किती सपाट रेषा आपण आजवर छावणीकडे धाडल्या, हे त्यांना आठवेना.

“माका घर नको,” सुलोचना अक्काचा दंड धरून उठली. “मी अक्काबरोबर जातंय.”

“नको गे सुलू.” सत्यभामेने तिचा हात आपल्या दंडावरून सोडवला. तिच्या स्वरात राग नव्हता, याचेच डॉक्टरांना भय वाटले. “तुझ्यात गाव गावलो. कोणीतरी गावाचा म्हणान उराक व्हया.”

“आणि तू गे? तू कोण मग?”

सत्यभामेने त्या सपाट रेषेवरून बोट फिरवले.

“यंत्र कित्याक खोटा सांगतला?” ती पुटपुटली. मग बहिणीच्या अगदी जवळ सरकून, डॉक्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारले,

“खरा सांग सुलू. बाबान माका खयसून आणल्यान?”