दोन बाजूंमधला कोन

प्लोव्दिव शहरातल्या एका शाळेत फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कंपास एकच होता. कपाट उघडलं, तर कंपासचा एक पाय नेव्हेनाच्या हातात आला आणि दुसरा एका उंच, केस विसकटलेल्या तरुणाच्या.

"सोडतोस का? आज माझा परीक्षेचा पाठ आहे!"

"माझाही. तुझ्यानंतर..." तो हसला. "मी कालोयान. कंपास मोडायच्या आत ओळख झालेली बरी."

हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे तिला नको तेवढं स्पष्ट दिसलं.

पाठ बिघडला तर शिक्षिका व्हायला आणखी एक वर्ष! वर्गात मागच्या बाकावर परीक्षक पेत्कोवा बाई बसल्या आणि नियमाप्रमाणे त्यांच्या शेजारी पुढचा उमेदवार. म्हणजे ती खळी. नेव्हेनाची नजर फळ्यावरून सारखी घसरत राहिली आणि व्हायचं तेच झालं.

"दोन बाजू समान, एक कोन समान. बाकोबा कसोटीनं त्रिकोण एकरूप!" तिनं ठणकावून सांगितलं. सव्वीस मुलांनी मुकाट लिहून घेतलं.

कालोयान चुळबुळला, खोकला आणि अखेर त्यानं हात वर केला. "मॅडम... तो कोन त्या दोन बाजूंच्या मधला नाहीये."

मेल्या! नेव्हेनाची कानशिलं तापली. 'मुद्दाम चुकले, बघत होते कोण पकडतं' असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण सव्वीस वह्यांकडे बघून तिला ते जमेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "या, दाखवा सगळ्यांना."

त्यानं कंपासमध्ये दुसऱ्या बाजूचं माप घेतलं आणि कंस फिरवला. कंस त्रिकोणाच्या पायाला दोन ठिकाणी छेदून गेला. मापं तीच, त्रिकोण मात्र दोन, एक लठ्ठ, एक रोडका! मुलं खिदळली.

"मग कोन कुठला हवा?" नेव्हेनानं विचारलं.

"मधला!" अख्खा वर्ग ओरडला.

पेत्कोवा बाईंनी चष्मा पुसला. "सहापैकी पाच. एक त्या कोनासाठी कापला. पास!"

कालोयानचाही पाठ आटोपल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं. "मी नापास झाले असते म्हणजे?"

"मग मीही झालो असतो. पुढच्या वर्षी पुन्हा भेटलो असतो."

"आगाऊ कुठला!"

"भूक लागलीय. येतेस?"

कोपऱ्यावरच्या दुकानात चीज भरलेली गरम बनित्सा दोघांत एकच आली.

"दोन बाजू... तू आणि मी," नेव्हेना म्हणाली. "मध्ये काय आहे?"

"बनित्सा."

तिनं बशी हळूच बाजूला सरकवली. "आणि आता?"

भर वर्गात चूक काढणारा शहाणा, कान लाल करून टेबलाकडे बघत बसला.

"प्रेम," तो पुटपुटला. "म्हणजे... माझ्याकडनं तरी."

"माझ्याकडनंही," ती म्हणाली. मग तिनं बशी स्वतःकडे ओढली. "आता तुझ्यासाठी दुसरी मागव."