विमानाने तीन उड्या का मारल्या?

सन २०५२. सातपुड्याच्या पायथ्याशी, माळावरच्या विमानशाळेत कस्तुरीची ताई विमान चालवायला शिकत होती. त्या सकाळी तिचं दोन आसनी, बॅटरीवरचं विमान धावपट्टीला टेकलं आणि चेंडूसारखं उडालं. पुन्हा आपटलं, पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा उडून आपटलं आणि पुढचं चाक मोडलं. ताईला खरचटलंसुद्धा नाही, पण दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही.

"मी परत उडणार नाही, कस्तु," एवढंच म्हणाली.

दहा वर्षांच्या कस्तुरीला कळेना. वारा शांत, मोटर धडधाकट. मग विमानाने उड्या का मारल्या? ती तडक हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या शेडमध्ये) गेली. तिथे विमानं तपासणारा यंत्रमानव टिटवी मोडकं चाक उतरवत होता.

"टिटवी, ताईचं काय चुकलं?"

"तिला घेऊन ये. तिच्यामागे बोलणं बरं नाही."

कस्तुरीने ताईला हाताला धरून आणलं. टिटवीने भिंतीवर ते उतरणं सावकाश दाखवलं.

"जमिनीजवळ नाक जरासं उचलून खाली येण्याचा वेग कमी करायचा असतो. तुला क्षणभर उशीर झाला. चाकं जोरात टेकली, नाक वर झालं. पंखांत उत्थापक बल (विमानाला वर उचलणारा हवेचा जोर) शिल्लक होतं. म्हणून ते उडालं."

"आणि मी घाबरून नाक खाली दाबलं," ताई पुटपुटली.

"हो. पण विमानाला ऐकायला क्षण लागतो. तोवर ते आपोआपच खाली येत होतं. त्यात नाक दाबलेलं, म्हणून पुढचं नाजूक चाक आधी आपटलं. दर उडी आधीच्यापेक्षा मोठी झाली."

"मग करायचं काय?" कस्तुरीने विचारलं.

"नाक दाबायचं नाही. मोटरचा पूर्ण जोर लावून वर जायचं, फेरी मारून परत यायचं."

"कुणी रागावत नाही?"

"उलट शाबासकी देतात!"

ताईने ते उतरणं पुन्हा एकदा दाखवायला लावलं. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या शिकवणाऱ्या बाईंना विचारते, पुन्हा उडू का म्हणून."

दुसऱ्या दिवशी नवं चाक बसवलेल्या विमानात शिकवणाऱ्या लोखंडेबाई ताईच्या शेजारी बसल्या. विमान टेकलं आणि उडालं! कस्तुरीने टिटवीचं गार बोट घट्ट धरलं. पण मोटर घुमली, विमान वर चढलं, माळावरून वळून आलं आणि अलगद टेकलं.

"भीती वाटली?" कस्तुरीने धावत जाऊन विचारलं.

"खूप. पण हात आवरला," ताईने तिला कवेत घेतलं.

कस्तुरी टिटवीकडे वळली. "माझे पाय पेडलपर्यंत कधी पोचतील?"

टिटवीने तिला डोक्यापासून पायापर्यंत मापलं. "अजून अठरा सेंटिमीटर वाढ."